नऊ जूनचं रोप

१६ जून

धाकट्या,

आशीर्वाद वगैरे नंतर. तुझं पाकीट परवा पोचलं. पुठ्ठ्याचे दोन तुकडे, मधे वर्तमानपत्राचे कागद आणि त्यात चापून बसवलेलं एक रोप. चिठ्ठी नाही. मागे त्या तलावाकाठच्या लॉजचा पत्ता आणि आत लेबल. 'वरचं कुरण, मोठ्या दगडाच्या उत्तरेला, २६ मे.' अक्षर तुझंच, शाई सांडलेली तीही तुझीच. अकरा वर्षांत तू मला पाठवलेली ही पहिली वस्तू. बघून आनंद झाला, हे आधीच कबूल करून टाकते.

म्हणजे ही ठिपकी अजून डोक्यातून गेलेली नाही तर. तू म्हणायचास ही वेगळी जात आहे, मी म्हणायचे कुरणात सगळीकडे उगवतं त्या साध्या ऑर्किडचाच एक वाण आहे, फुलाच्या ओठावर ठिपका जास्त एवढंच. मी ते छापलं. तू पानं दाबायचा लाकडी दाब माझ्या अंगावर फेकलास आणि माझ्या गळ्याखालचं हाड मोडलं. पावसाळी हवेत अजून ठणकतं. तो विषय आज काढायचा नव्हता, पण लिहिता लिहिता आला, असू दे.

तिकडे बातमी पोचली की नाही कोण जाणे. नऊ जूनला वरच्या कुरणावर एक माणूस मारला गेला. ऑर्किडचे कंद खणून विकणारा होता, पन्नाशीचा. डोक्यात सात घाव. आपल्या मेंढपाळाला धरलंय. हो, तोच, बी पडेपर्यंत एक मेंढी वर चढू न देणारा आणि काड्या रोवून तुला रोपं मोजून देणारा. त्याच्या झोपडीत कंदांचं पोतं सापडलं, सदऱ्यावर रक्त सापडलं. तो म्हणतो, माणूस पडलेला दिसला म्हणून उचलायला गेलो आणि कंद परत लावावेत म्हणून पोतं नेलं. पोलीस त्यावर हसले. त्याच्या काठीला लोखंडी टोक आहे, ते त्यांना पुरे झालं. जन्मठेप होईल असं सगळे म्हणतात.

एकच विचारायचंय. नऊ जूनला तू कुठे होतास? दोन ओळी पाठव, मी गप्प बसते.

ताई


२९ जून

धाकट्या,

कार्ड मिळालं. 'सव्वीस मेनंतर तिकडे फिरकलोही नाही, लेबल वाच.' लेबलंच वाचत आले रे तीस वर्षं. आता मी रोप वाचते, तू ऐक.

यंदा थंडी किती लांबली हे तुलाही ठाऊक आहे. सव्वीस मेला त्या उंचीवर ठिपकीच्या दांड्यावर जेमतेम मिटलेल्या कळ्या असतील. तुझ्या रोपाला नऊ फुलं आहेत. ही फुलं खालून वर एकेक करून उमलतात, हे मी तुला सांगायचं का? खालची चार उमलून सुकलीत, त्यातल्या दोन फुलांच्या मागचे बीजकोश फुगायला लागलेत. सव्वीस मेला असं रोप त्या कुरणात असणं शक्य नाही. जूनचा पहिला आठवडा सरल्याशिवाय नाही.

म्हणजे तू लेबलावर खोटी तारीख घातलीस. खरं सांगते, मला सगळ्यात आधी राग आला तो याचाच. मेलेल्या माणसाचा विचार त्यानंतर आला. बाबांनी आपल्याला घडवलंय ते असं. आठवतं ना, लेबलावर पाच तारखेच्या जागी सहा लिहिली म्हणून माझ्या बोटांवर लोखंडी पट्टी बसली होती आणि दोन नखं काळी पडून गळाली होती. तुला तर एका चुकलेल्या गावासाठी नमुन्यांच्या कपाटात कोंडलं होतं, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, दुपारभर. बाहेर काढलं तेव्हा तू रडला नव्हतास. अंगणातल्या मांजराला लाथ घातली होतीस आणि ते परत उठलं नाही. मी बाबांना सांगितलं, गाडीखाली आलं.

तेव्हापासून मीच सांगत आलेय. शाळेत त्या जाड्याचा जबडा तू मोडलास, मी म्हटलं जिन्यावरून पडला. कॉलेजात वॉर्डनचं डोकं फोडलंस तेव्हाही मी साक्ष दिली की तू माझ्याजवळ बसून अभ्यास करत होतास. आणि प्रत्येक वेळी तू संध्याकाळी येऊन विचारायचास, ताई, मी काय केलं गं? तुला खरोखर आठवायचं नाही. मी हळूहळू सांगायचे, तू ऐकायचास. दुसऱ्या कुणाची गोष्ट असावी तसा.

तपास अधिकारी काल माझ्या वनस्पती-संग्रहात आला होता. बारीकसा माणूस, सर्दी झालेला, पण नजर सुईसारखी. त्याला पोत्यातल्या कंदांची जात ठरवून हवी आहे. संरक्षित जात निघाली तर मेंढपाळावर आणखी एक कलम लागेल म्हणे. जाता जाता म्हणाला, तुमचे भाऊ त्या कुरणावर काम करायचे ना? मी म्हटलं, तो मेच्या मध्यापासून तलावावर आहे. इतकं सहज तोंडातून गेलं की पुढच्याच मिनिटाला मी त्याला बसायला खुर्ची दिली आणि सर्दीवर औषध सांगितलं.

तो गेल्यावर मेंढपाळाची बायको आली. पंचावन्नची असेल, पायात नवऱ्याचे बूट. तिने विनवलं की कोर्टात एवढंच सांगा, माझा माणूस त्या फुलांना जपायचा. मी म्हटलं, बाई, मी फक्त जात सांगते, माणसांबद्दल बोलणं माझ्या कामात बसत नाही. तिने माझ्या कानाखाली अशी ठेवून दिली की चष्मा उडून कपाटाखाली गेला. शिपाई धावला, मी त्याला हातानेच थांबवलं. चष्मा तिनेच वाकून काढून दिला. काच तडकली आहे, त्यातूनच लिहितेय.

खरं लिही. मला तरी.

ताई


११ जुलै

धाकट्या,

तुझं दुसरं कार्ड आलं. 'शीट जाळून टाक.' बाकी कोरं. तीस वर्षांत मी रोप चिकटवलेली एक शीट जाळलेली नाही, कसरीनं खाल्लेलीसुद्धा नाही.

तुरुंगात जाऊन आले. जात ठरवायची तर नमुना उचलणाऱ्याला विचारावं लागतं असं सांगून परवानगी काढली. ते तसं खोटंही नाही. भिंतीला हिरवा तेलरंग, मधे लोखंडी टेबल, टेबलाला साखळी. मेंढपाळाला दोघांनी धरून आणलं. डावा कान फाटून सुजलाय, उजव्या हाताची दोन बोटं वेडीवाकडी जोडली आहेत. कोठडीत म्हणे पडला. मी हे वाक्य ऐकलं आणि मला जाड्याचा जबडा आठवला.

मी तिथे गेले होते ती एकच गोष्ट काढून घ्यायला, त्याने तुला पाहिलं का. विचारलंच नाही. तोच बोलायला लागला. त्याला पोत्याचीच चिंता. कंद त्याने ओल्या मातीत घालून ठेवले होते, पोलिसांनी माती झटकून पुरावा म्हणून नेले, आता वाळून खडखडीत झाले असतील म्हणाला. खणणाऱ्याने वरचा पट्टा साफ केला. त्याची रीत अशी की खोडाखालचा नवा, पांढरा, भरलेला कंद सुरीने तिरका छाटून घ्यायचा, आणि गेल्या वर्षीचा मऊ काळपट कंद रोपासकट फेकून द्यायचा. नवा कंद गेला की पुढचं वर्ष गेलं, हे त्या मेंढपाळाला कुठल्याही पुस्तकाशिवाय कळतं. मग तो म्हणाला,

"धाकट्या साहेबांना एवढं कळवा, मोठ्या दगडाजवळची सगळी गेली. त्यांना फार लागेल. एकदम सांगू नका."

मी हो म्हटलं.

तर कळवते. मोठ्या दगडाजवळची सगळी गेली.

मेलेल्या माणसाला न्यायला त्याची बहीण आली होती. अधिकाऱ्याने सांगितलं. तिने म्हणे चादर वर करून बघितलं, मग त्याच्या पायातले मोजे सरळ केले आणि सही केली. सात घावांतला पहिलाच पुरला होता असं डॉक्टर म्हणतात. बाकीचे सहा कशाला?

ताई


२ ऑगस्ट

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. हे पत्र लांबेल.

पोतं माझ्या टेबलावर आलं ते सोमवारी. दोनशे अकरा कंद. सोबत एक हवालदार, बाकावर बसून पेंगणारा. सगळ्यांवर तिरका छाट. भिंगाखाली धरलं तर प्रत्येक छाटावर एका बाजूला बारीक उभी रेघ. मेलेल्याच्या सुरीच्या पात्याला खाच आहे, तिची रेघ. पुराव्याच्या फोटोत बघितलीय मी ती सुरी.

मग मी तुझी शीट काढली. हवालदार घोरत होता.

तू आयुष्यात कधी कंदाला पातं लावलं नाहीस. बोटांनी माती उकरून, दोन्ही कंद अखंड, मुळांचे केससुद्धा धुऊन पसरायचास. बाबा तुझं एवढ्या एका गोष्टीसाठी कौतुक करायचे. तुझ्या या शीटवर जुना कंद आहे, मऊ, चपटा झालेला. नव्याची जागा रिकामी, आणि तिथे तिरका छाट. छाटावर उभी रेघ.

हे रोप तू खणलेलंच नाहीस, धाकट्या. त्याने खणलं, छाटलं, फेकलं. तू ते गवतातून उचललंस.

मी एकेक कंद छाटाला लावून बघत गेले. दोन तास लागले. एकशे अडतिसावा बसला. वाळून आकसलेला, पण कडेचा टवका आणि रेघ बरोबर जुळली. तळहातावर घेऊन मी बसून राहिले. हवालदार जागा झाला, चहा मिळेल का म्हणाला. मी त्याला चहा मागवला आणि कंद पदराच्या टोकात बांधला. अहवालात दोनशे दहा लिहिले. आधीची मोजणी तुमची चुकली असेल असं तोंड वर करून सांगितलं, त्यांनी मानलं. आता तो कंद माझ्या घरी, बटणांच्या डबीत आहे. मी चोर झाले तुझ्यासाठी, हे तुला कळावं म्हणून लिहितेय. कौतुकाने नाही.

अजून एक आहे. खून वगैरे बाजूला ठेव आणि नीट वाच.

तू घाईत रोप चापलंस तेव्हा खालून सहाव्या फुलात एक माशी होती. तीही दाबली गेली. बारीक रानमधमाशी, नर. ठिपकीचं फूल मादीसारखं दिसतं, मादीसारखा वास मारतं, नर येऊन त्याला बिलगतो आणि परागाचे दोन पिवळे गोळे अंगाला चिकटवून घेऊन फसून निघून जातो, हे सगळं आपण लहानपणी हसत हसत शिकलो. साध्या कुरण-ऑर्किडवर हे गोळे माशीच्या कपाळाला चिकटतात. शेकडो बघितलेत मी. तुझ्या या माशीच्या कपाळावर काही नाही. गोळे तिच्या बुडावर आहेत. म्हणजे ठिपकीवर नर उलटा बसतो. माशीही वेगळी, साध्याला जी येते ती नव्हेच. कपाळावरचा पराग बुडापर्यंत पोचायचा नाही, बुडावरचा कपाळापर्यंत. एकाच कुरणात हातभर अंतरावर उभी राहून ही दोन झाडं हजारो वर्षं एकमेकांना भेटलेली नाहीत.

तुझं खरं होतं. वेगळी जात आहे. मी अकरा वर्षं वाळलेल्या पाकळ्या मोजत बसले आणि माशीकडे बघितलंच नाही. तेव्हा वेगळी जात म्हणून मी सही केली असती तर कुरणाला संरक्षण मिळालं असतं, कुंपण पडलं असतं, तो खणणारा दुसरीकडे गेला असता. हे तू म्हणणार, म्हणून मीच म्हणते.

काय करू सांग. तो म्हातारा मेंढपाळ आत आहे.

ताई


१९ ऑगस्ट

धाकट्या,

शनिवारी तू आलास. रागात केलेलं तुला आठवत नाही म्हणून नेहमीसारखं लिहून देते.

दुपारचे तीन. सुट्टीचा दिवस, संग्रहात मी एकटी. तू मागच्या दाराने आलास, दाढी वाढलेली, सदरा मळका. मला वाटलं रडशील. शीट कुठे आहे म्हणून विचारलंस. मी सांगितलं नाही. तू तीन कपाटं उपसलीस. बाबांच्या हातच्या शीटा पायाखाली गेल्या, कागद फाटल्याचा आवाज मी ऐकत होते. मग तू माझा गळा धरलास, दोन्ही हातांनी, आणि मला कपाटाच्या कडेवर आपटलंस. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा डोक्यामागून गरम काहीतरी मानेवर आलं. तुझे डोळे उघडे होते पण त्यात मी नव्हते. मला कळलं, त्या माणसाने शेवटचं हेच बघितलं असणार.

मी ओरडले नाही, ओरडता येत नव्हतं. कसंबसं एवढंच बोलले, "माशी बघितलीस का?"

तुझे हात सैल पडले. माझं दोन तारखेचं पत्र तू उघडलंच नव्हतंस, हे तेव्हा समजलं. मी टेबलाच्या खणातून शीट काढली, भिंग दिलं. माझ्या मानेवरून रक्त टेबलावर ठिबकत होतं आणि तू ते शीटवर पडू नये म्हणून शीट बाजूला ओढलीस. मग तू भिंगातून बघितलंस. किती वेळ बघत होतास. म्हणालास, ताई, बुडावर गं, बुडावर. आणि हसायला लागलास. मीही हसले. देवाशपथ, मीही हसले. दहा मिनिटं आपण दोघं टेबलाशी डोकं लावून बसलो होतो, फुलाच्या ओठाच्या कडेचे केस मोजत, आणि अकरा वर्षं कुठे गेली होती ते मला सांगता यायचं नाही.

मग तू आपणहून सांगितलंस. तो खणत होता, तू नको म्हणालास, त्याने तुझ्याकडे बघत हातातलं रोप छाटलं आणि तुझ्या पायाशी फेकलं. हातकुदळ तुझ्या खांद्याला होती. त्यानंतरचं आठवत नाही. आठवतं ते एवढंच की उन्हात रोप कोमेजायला लागलं होतं, म्हणून उचलून चापलंस.

मी म्हटलं, चल, माझ्याबरोबर चल, अधिकाऱ्याला सांगू, रागाच्या भरात झालं म्हणून सांगू. तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू मी एखाद्या नमुन्याला चुकीचं नाव दिलंय.

"आता छापायचं बघ आधी. तो म्हातारा आहे, ताई. तसाही आणखी किती दिवस काढणार आहे?"

तू हे शांतपणे बोललास. राग पूर्ण गेला होता, डोळ्यांत मी होते, आवाज लहानपणचा होता. तुझं रागातलं मी आयुष्यभर झाकलं, कारण ते तू नाहीस असं मला वाटायचं. हे वाक्य मात्र तूच बोललास.

जाताना शीट नेली नाहीस. जाळलीही नाहीस. नव्या जातीचा मूळ नमुना संग्रहातच राहिला पाहिजे म्हणालास, आणि वर मला बजावलंस की तारीख तीच ठेव. माझ्या डोक्याला तुझा रुमाल बांधलास. पाच टाके पडले. डॉक्टरला मी सांगितलं, कपाट अंगावर आलं. शेवटचं सांगितलं.

सरकारी वकील म्हणतो, माझी साक्ष चार सप्टेंबरला आहे. तोपर्यंत तू आपणहून ये. सोळा दिवस आहेत. मी कुणाला काही बोलणार नाही तोवर. बसने ये, मी स्टँडवर येईन, हात धरून नेईन.

ताई


४ सप्टेंबर

धाकट्या,

तू आला नाहीस. रोज दोन्ही गाड्या बघितल्या, काल तर शेवटच्या माणसानंतर गाडीत चढून बाकांखालीसुद्धा बघितलं. कंडक्टर म्हणाला, मावशी, काय हरवलं? मी म्हटलं, काही नाही.

आज साक्ष झाली. कोर्टाची खोली लहान, पंखा मोठा, कागद उडू नयेत म्हणून सगळ्यांच्या पुढ्यात दगड ठेवलेले. मेंढपाळ कठड्यात उभा होता, बोटं पोटाशी धरून. त्याची बायको मागच्या बाकावर. माझ्याकडे तिने बघितलं नाही. दुसऱ्या टोकाला एक बाई एकटीच बसली होती, काळी पर्स मांडीवर घट्ट धरून. मेलेल्याची बहीण असणार. माझ्याच वयाची.

सरकारी वकिलाने विचारलं, पोत्यातले कंद कोणत्या जातीचे? त्याला एका शब्दात उत्तर हवं होतं. मी म्हटलं, या जातीला अजून नाव नाही. ती नवीन आहे. मी अकरा वर्षं चुकीचं छापत आले, ती माझ्या भावाने ओळखली. आणि हे रोप त्याने नऊ जूनला त्या माणसाच्या पायाशी पडलेलं उचललं, लेबलावरची तारीख खोटी आहे.

हे सगळं मी एका दमात बोलले, कारण मधे थांबले असते तर पहिल्या अर्ध्यावरच खाली उतरले असते. पहिलं अर्धं बोलताना मला किती बरं वाटत होतं, तुला सांगू?

मग गोंधळ झाला. मी पिशवीतून शीट काढली, बटणांची डबी काढली. कंद छाटाला लावून दाखवला. सरकारी वकील ओरडला की हा कंद या बाईच्या डबीतून निघालाय, याला काय किंमत. मी म्हटलं, बरोबर आहे, मी चोरलाय, त्याची शिक्षा मला द्या. पण पोत्यातले दोनशे दहा घ्या, पुराव्यातली सुरी घ्या, रेघ बघा, मग शीटवरची रेघ बघा. ती तर मी उमटवलेली नाही. आणि फुलं बघा, ती कुणाच्याच सांगण्यावरून उमलत नाहीत. न्यायाधीशांनी भिंग मागवलं. त्यांनी आधी रेघ बघितली, मग फुलं, मग म्हणाले, यात एक माशी आहे. मी हो म्हटलं. गळ्यावरचे वळ विचारले तेव्हा तेही सांगितलं. मांजरापासून सगळं सांगितलं, धाकट्या. जबडा, वॉर्डन, सगळं. तीन तास लागले. कारकुनाचा हात दुखून आला.

शीट त्यांनी ठेवून घेतली. खाकी पाकिटात घातली, वर लाख लावली. त्यांच्या कोठारात ओल आहे, डांबराच्या गोळ्या घाला म्हणून मी दोनदा सांगितलं, कुणी लिहून घेतलं नाही. कसर लागेल. तिच्याशिवाय ठिपकीचा दुसरा धड नमुना नाही, कुरणात काही रोपं जमिनीखाली झोपून राहिली असतील तर ती कधी वर येतील ते त्यांनाच ठाऊक. तुझी जात कदाचित छापली जाणार नाही. हे सगळं ज्याच्यासाठी गेलं तो म्हातारा कठड्यात उभ्या उभ्या रडत होता, आणि मला वाटलं सुटणार म्हणून रडतोय. पण उतरताना मी जवळून गेले तर म्हणाला, बाई, धाकट्या साहेबांना नका हो अडकवू, ते भले माणूस आहेत. त्याला अजूनही वाटतं माझी काहीतरी चूक होतेय.

बाहेर व्हरांड्यात ती काळ्या पर्सवाली माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं हिचीही थप्पड बसणार, मी चष्मा काढून हातात घेतला. तिने विचारलं, पहिल्या घावातच गेला ना तो? मी हो म्हटलं. तिने मान हलवली आणि गेली.

माझं काय होईल ते वकील बघतोय. पुरावा लपवल्याबद्दल वर्ष-दीड वर्ष म्हणे. कामावरून आजच कमी केलं, कपाटांच्या किल्ल्या शिपायाकडे दिल्या.

आता नीट ऐक. पत्ता मीच दिला, लॉजचा, खोलीच्या नंबरासकट. अधिकारी म्हणाला, पत्र लिहायचं असेल तर लिहा, मी देतो. म्हणून हे त्याच्या टेबलावर बसून लिहितेय, तो समोर नाक शिंकरत बसलाय आणि मुद्दाम खिडकीबाहेर बघतोय. हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा तोच तुझ्या दारात उभा असेल, मागे आणखी चौघं. हातकुदळ कुठे ठेवली असशील तिथेच राहू दे. खिडकीकडे बघू नकोस, दुसरा मजला आहे. पायात चपला घाल. त्यांनी काही विचारलं आणि तुला आठवलं नाही तर आठवत नाही म्हण. मी तिथे नसेन, तुला सांगायला.

हे शेवटपर्यंत वाच, तोवर ते थांबतील. मी त्यांच्याकडून तसं कबूल करून घेतलंय.

वाचून झालं की दार उघड.

ताई